कलम ३२७: बँकांच्या विलीनीकरणाला लागलेली चाळणी

अमेरिकेत एका बँकेला दुसरी बँक विकत घ्यायची असेल, तर भागधारकांची संमती आणि हाताशी पैसा एवढ्यावर भागत नाही. संघीय नियामकाची परवानगी लागते. ती देण्यापूर्वी या बँकांनी मनी लाँडरिंग रोखण्यात कितपत यश मिळवले आहे, याचा विचार नियामकाने केलाच पाहिजे, असे तिथला कायदा सांगतो. ही अट २००१ सालच्या 'यूएसए पॅट्रिअट अ‍ॅक्ट'च्या ३२७व्या कलमातून आली. दहशतवादाविरुद्धच्या त्या अवाढव्य कायद्यात हे कलम अगदी लहान आहे. टेहळणीच्या आणि अटकेच्या तरतुदींवर रान पेटले, या कलमाकडे मात्र बँकिंगच्या जगाबाहेर फारसे कोणी पाहिले नाही. तरीही कोट्यवधींच्या दंडांनी जे साधले नाही, ते या कलमाने अनेकदा साधले. दंडाची रक्कम बँक ताळेबंदात एका वर्षात जिरवू शकते. वाढ अडली की मात्र संचालक मंडळापासून शेअर बाजारापर्यंत सगळ्यांना जाग येते.

या कलमात दोन वेगळे कायदे एकत्र येतात. पहिला विलीनीकरणाचा. एकाहून अधिक बँका हाताखाली ठेवणाऱ्या कंपन्यांवर १९५६च्या बँक होल्डिंग कंपनी कायद्याने फेडरल रिझर्व्हची नजर आणली. चार वर्षांनी, १९६०मध्ये बँक मर्जर कायदा आला आणि ठेवींना विमासंरक्षण असलेल्या बँकांच्या विलीनीकरणाला संघीय नियामकाची पूर्वपरवानगी सक्तीची झाली. मक्तेदारीविरोधी कायदा बँकांच्या विलीनीकरणालाही लागू होतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९६३मध्ये फिलाडेल्फिया नॅशनल बँकेच्या खटल्यात दिला. १९६६च्या दुरुस्तीने निकष पक्के केले: स्पर्धेवर होणारा परिणाम, बँकांची आर्थिक स्थिती, व्यवस्थापनाची कुवत, परिसरातल्या लोकांची सोय आणि गरज. गरीब वस्त्यांना कर्ज देण्याची बँकेची कामगिरी १९७७मध्ये तपासणीत आली. गुन्हेगारी पैशाचा उल्लेख या यादीत कुठेच नव्हता. 'व्यवस्थापनाची कुवत' या सदराखाली नियामकाला तो विषय काढता आला असता, पण काढलाच पाहिजे असे बंधन नव्हते.

दुसरा कायदा रोख पैशावर नजर ठेवण्याचा. टेक्सासचे खासदार राइट पॅटमन प्रतिनिधिगृहाच्या बँकिंग समितीचे अध्यक्ष असताना १९७०मध्ये बँक सिक्रसी अ‍ॅक्ट संमत झाला. १०,००० डॉलरपेक्षा जास्त रोख रक्कम बँकेत आली किंवा बँकेतून गेली तर सरकारला कळवायचे, हा त्याचा गाभा. बँकांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने १९७४मध्ये तो वैध ठरवला, पण पुढची दहा वर्षे त्याची अंमलबजावणी ढिलीच राहिली.

१९८५च्या बँक ऑफ बॉस्टन प्रकरणाने ही ढिलाई उघड केली. स्विस बँकांशी झालेले सुमारे १२२ कोटी डॉलरचे रोखीचे व्यवहार सरकारला कळवले नाहीत, हा गुन्हा या प्रतिष्ठित बँकेने कबूल केला आणि ५ लाख डॉलर दंड भरला. त्याहून लाजिरवाणी बाब पाठोपाठ बाहेर आली. शहरातल्या अँज्युलो या माफिया कुटुंबाची माणसे कागदी पिशव्यांतून नोटा आणून बँकेतून कॅशियर्स चेक घेऊन जात होती, आणि त्या कुटुंबाच्या कंपन्यांना बँकेने अहवालातून सूट असलेल्या ग्राहकांच्या यादीत बसवले होते. ही सूट मुळात रोज मोठी रोकड हाताळणाऱ्या दुकानदारांसाठी होती. पुढच्याच वर्षी, १९८६मध्ये, मनी लाँडरिंग हा स्वतंत्र फौजदारी गुन्हा ठरला.

हे दोन कायदे एकमेकांना भेटले नाहीत तर काय होते, हे बीसीसीआयने दाखवून दिले. बँक ऑफ क्रेडिट अँड कॉमर्स इंटरनॅशनल ही बँक पाकिस्तानी बँकर आगा हसन अबेदी यांनी १९७२मध्ये स्थापन केली. नोंदणी लक्झेंबर्गमध्ये, कारभार लंडनहून, शाखा सत्तरच्या आसपास देशांत. त्यामुळे संपूर्ण बँक कोणत्याही एका नियामकाच्या डोळ्यांसमोर कधीच नव्हती. तिला अमेरिकेत शिरायचे होते. १९७०च्या दशकाच्या अखेरीस आखाती देशांतल्या काही गुंतवणूकदारांनी वॉशिंग्टनमधली फायनान्शियल जनरल बँकशेअर्स ही कंपनी घेण्याचा प्रयत्न सुरू केला. फेडरल रिझर्व्हसमोर एप्रिल १९८१मध्ये सुनावणी झाली. या खरेदीत बीसीसीआयचा पैसा नाही आणि कारभारावर तिचे नियंत्रणही राहणार नाही, असे आश्वासन अर्जदारांच्या बाजूने दिले गेले. माजी संरक्षणमंत्री क्लार्क क्लिफर्ड हे त्यांचे वकील होते. ऑगस्टमध्ये परवानगी मिळाली, १९८२मध्ये ताबा घेतला गेला, कंपनीचे नाव फर्स्ट अमेरिकन झाले आणि क्लिफर्ड तिचे अध्यक्ष झाले.

ते गुंतवणूकदार नावापुरते होते आणि बँकेचा खरा मालक बीसीसीआयच होता, हे सिद्ध व्हायला जवळपास दहा वर्षे लागली. मधल्या काळात, १९८८मध्ये, फ्लॉरिडातल्या टँपा इथे अमली पदार्थांचा पैसा फिरवल्याबद्दल बीसीसीआयवर खटला भरला गेला. १९९०मध्ये तिने गुन्हा कबूल केला आणि दीड कोटी डॉलरच्या आसपास रक्कम देऊन ती मोकळी झाली. कामकाज चालूच राहिले. शेवटी मॅनहॅटनचे जिल्हा सरकारी वकील रॉबर्ट मॉर्गेंथाऊ यांनी चौकशीचा पाठपुरावा केला, लंडनमध्ये लेखापरीक्षकांचा अहवाल आला आणि ५ जुलै १९९१ रोजी अनेक देशांनी मिळून बीसीसीआयला टाळे ठोकले. आपलीही फसवणूक झाली, असे क्लिफर्ड शेवटपर्यंत सांगत राहिले. प्रकृतीच्या कारणावरून त्यांच्यावरील खटला पुढे चालला नाही.

या पडझडीचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. बीसीसीआयची मुंबईत शाखा होती. ती वाऱ्यावर सोडता येणार नव्हती, म्हणून स्टेट बँकेने १९९३मध्ये एसबीआय कमर्शियल अँड इंटरनॅशनल बँक नावाची उपकंपनी काढून तिचा कारभार हाती घेतला. २०११मध्ये ही उपकंपनी स्टेट बँकेत विलीन झाली. जगभर लाखो ठेवीदार पैशासाठी वर्षानुवर्षे लिक्विडेटरच्या दारात उभे असताना मुंबईचे प्रकरण तुलनेने शांतपणे मिटले.

बीसीसीआयला टाळे लागल्यावर अमेरिकी संसदेने लगेच पावले उचलली. १९९१च्या कायद्याने विदेशी बँकांवरील देखरेख कडक केली. १९९२च्या अन्युन्झिओ-वायली कायद्याने मनी लाँडरिंगमध्ये दोषी ठरलेल्या बँकेचा परवाना काढून घेण्याची प्रक्रिया सुरू करण्याची तरतूद केली आणि संशयास्पद व्यवहारांच्या अहवालांना कायद्याचा आधार दिला. परवाना काढणे म्हणजे बँकेला फाशी देणे. मोठ्या बँकेवर ते शस्त्र चालवले तर निरपराध ठेवीदार आणि कर्मचारीच आधी भरडले जाणार, हे नियामकांना ठाऊक होते. एका टोकाला बँकेला सहज पचणारा दंड होता आणि दुसऱ्या टोकाला कधीच न वापरले जाणारे शस्त्र. मधली जागा रिकामीच होती.

त्याच दशकात विलीनीकरणांची लाट उसळली. १९९४च्या रीगल-नील कायद्याने राज्यांच्या सीमा ओलांडून शाखा काढण्याची मुभा दिली. १९८०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत १४,०००हून अधिक व्यापारी बँका होत्या. २००१पर्यंत त्या ८,०००च्या आसपास उरल्या. एक बँक दुसरीत मिसळते तेव्हा इमारतींवरच्या पाट्या बदलणे हे सर्वांत सोपे काम असते. अवघड असते ते खात्यांचे स्थलांतर. दोन बँकांच्या संगणक प्रणाली वेगळ्या असतात, संशयाचा इशारा कोणत्या रकमेला वाजायचा हे वेगळे ठरलेले असते, ग्राहकांच्या ओळखीची कागदपत्रे वेगळ्या पद्धतीने ठेवलेली असतात. जुन्या बँकेने तपासलेला ग्राहक नव्या बँकेत बहुधा तपासलेलाच धरला जातो. शिवाय खर्चकपात हे विलीनीकरणाचे मुख्य आश्वासन असते आणि नियमपालनाचा विभाग उत्पन्न आणत नसल्याने कात्री तिथे लवकर पोहोचते. ज्याला पैशाचा माग पुसायचा आहे, त्याच्यासाठी याहून चांगली वेळ नाही.

१९९९मध्ये बँक ऑफ न्यूयॉर्कमधून रशियातून आलेले अब्जावधी डॉलर फिरल्याचे प्रकरण गाजले. त्याच वर्षी सिनेटच्या चौकशी उपसमितीने सिटी बँकेच्या खासगी बँकिंग विभागाची झाडाझडती घेतली. त्या उपसमितीतले मिशिगनचे सिनेटर कार्ल लेव्हिन यांनी हा विषय पुढे कधी सोडला नाही. तरीही २००१च्या उन्हाळ्यापर्यंत नव्या कायद्याची गाडी अडलेलीच होती, कारण बँकांचा विरोध तीव्र होता. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर तो विरोध काही आठवड्यांत मावळला. पॉल सार्बेन्स आणि मायकेल ऑक्सली हे त्या वेळी अनुक्रमे सिनेट आणि प्रतिनिधिगृहाच्या संबंधित समित्यांचे अध्यक्ष होते. पॅट्रिअट अ‍ॅक्टचा तिसरा भाग पूर्णपणे मनी लाँडरिंगला वाहिलेला होता. २६ ऑक्टोबर २००१ रोजी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी कायद्यावर सही केली. १९७०च्या बँक सिक्रसी अ‍ॅक्टवरही २६ ऑक्टोबरलाच सही झाली होती.

कलम ३२७ने दोन जुन्या कायद्यांत एकेक वाक्याची भर घातली. होल्डिंग कंपनी कायद्यात असे आले की, संबंधित कंपन्या मनी लाँडरिंग रोखण्यात किती परिणामकारक ठरल्या आहेत याचा फेडरल रिझर्व्हने प्रत्येक प्रकरणात विचार करावा, आणि त्यात परदेशी शाखाही धराव्यात. बँक मर्जर कायद्यात हीच अट इतर नियामकांनाही लागू झाली. ३१ डिसेंबर २००१नंतर आलेल्या सर्व अर्जांना ती लागू होती. शब्दांची निवड विचारपूर्वक केलेली दिसते. बँकेकडे धोरण आहे का, पुस्तिका आहे का, हा प्रश्न नाही. रोखण्याचे काम प्रत्यक्षात किती झाले, हा प्रश्न आहे. विकत घेणारी बँक आणि विकली जाणारी बँक, दोघींचीही चौकशी होते. मात्र कामगिरी वाईट असेल तर अर्ज फेटाळलाच पाहिजे, असे कायदा म्हणत नाही. निर्णय नियामकाच्या विवेकावर सोडलेला आहे. कलमाचे बळ त्यात आहे आणि त्याची मर्यादाही त्यातच आहे.

रिग्ज बँकेचे प्रकरण ही त्याची पहिली मोठी कसोटी. वॉशिंग्टनमधली ही जुनी बँक राष्ट्राध्यक्षांची बँक म्हणून मिरवत असे. अब्राहम लिंकन तिचे ग्राहक होते आणि राजधानीतल्या बहुतेक वकिलातींची खाती तिथे होती. सिनेटच्या उपसमितीने जुलै २००४मध्ये तिच्या कारभाराचा अहवाल काढला. इक्वेटोरियल गिनी या तेलसंपन्न आफ्रिकी देशाचे सत्ताधारी, त्यांचे नातलग आणि सरकार यांची साठाहून अधिक खाती रिग्जमध्ये होती आणि त्यांतली शिल्लक ७० कोटी डॉलरपर्यंत गेली होती. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या नोटांच्या सूटकेसेस थेट बँकेत येत होत्या. चिलीचे माजी हुकूमशहा आउगुस्तो पिनोशे यांची मालमत्ता गोठवण्याचा आदेश असताना त्यांची खाती लपवायला बँकेनेच मदत केली होती. ज्या सरकारी तपासनिसाने रिग्जवर देखरेख ठेवायची, तोच निवृत्तीनंतर तिच्या नोकरीत गेला होता. मे २००४मध्ये बँकेला २.५ कोटी डॉलर दंड झाला.

याच दिवसांत पिट्सबर्गच्या पीएनसी बँकेने रिग्ज घेण्याचा करार केला. ठरलेली किंमत सुमारे ७८ कोटी डॉलर होती. इथे चाळणीचा उपयोग दिसला. जुने खटले आणि चौकश्या मिटवल्याशिवाय व्यवहार पुढे सरकणे अशक्य झाले. जानेवारी २००५मध्ये रिग्जने संशयास्पद व्यवहार न कळवल्याचा गुन्हा कबूल करून १.६ कोटी डॉलर दंड भरला. पिनोशे राजवटीच्या बळींसाठी बँक आणि तिचे मालक कुटुंब यांनी मिळून ९० लाख डॉलर देण्याचे मान्य केले. वकिलातींचा आणि परदेशी ग्राहकांचा व्यवसाय गुंडाळण्यात आला. पीएनसीने किंमत सुमारे ६५ कोटींपर्यंत खाली आणली आणि मे २००५मध्ये रिग्ज हे नाव इतिहासजमा झाले. भागधारकांना याची झळ थेट शेअरच्या भावात बसली, आणि हा धडा साऱ्या बँकांनी पाहिला.

संकटाच्या काळात मात्र हे कलम जवळजवळ निष्प्रभ ठरते. २००८मध्ये वॅकोव्हिया ही बँक कोसळण्याच्या बेतात असताना वेल्स फार्गोला ती घेण्याची परवानगी ऑक्टोबरमध्ये तातडीने देण्यात आली. मेक्सिकोतल्या चलनबदल करणाऱ्या कंपन्यांकडून वॅकोव्हियात आलेल्या ३७३ अब्ज डॉलरवर पुरेशी नजर ठेवली गेली नव्हती, हे मार्च २०१०मध्ये अधिकृतपणे नोंदले गेले. त्या खात्यांतल्या पैशाने विकत घेतलेल्या एका विमानात मेक्सिकोत पाच टनांहून अधिक कोकेन सापडले होते. तडजोड १६ कोटी डॉलरवर झाली. तोवर वॅकोव्हिया वेगळी उरलेलीच नव्हती. ठेवीदारांचा पैसा वाचवणे त्या क्षणी अधिक निकडीचे होते, हे मान्य करावे लागते. पण घाईत केलेल्या विलीनीकरणात जुन्या दोषाचा जबाब कोण देणार, या प्रश्नाला कायद्यात आजही समाधानकारक उत्तर नाही.

अमेरिकेबाहेर खरेदी झाली तर हे कलम पोहोचत नाही, आणि त्याची किंमत मोठी आहे. ब्रिटनच्या एचएसबीसीने २००२मध्ये मेक्सिकोतली बिताल ही बँक घेतली. तिथे नियमपालनाची नाव घेण्याजोगी व्यवस्थाच नाही, हे एचएसबीसीच्या अधिकाऱ्यांना तेव्हाच दिसले होते. तरी खरेदी झाली. पुढे अमली पदार्थांच्या टोळ्यांची माणसे काउंटरच्या खिडकीत बरोबर मावतील अशा मापाच्या पेट्यांतून रोकड भरू लागली आणि २०१२मध्ये एचएसबीसीला १.९ अब्ज डॉलर मोजावे लागले. डेन्मार्कच्या डान्स्के बँकेने २००७मध्ये फिनलंडची साम्पो बँक घेतली. तिच्याबरोबर एस्टोनियातला छोटा कारभारही आला. ती शाखा मुख्य संगणक प्रणालीला कधी जोडलीच गेली नाही. २००७ ते २०१५ या काळात तिथल्या परदेशी ग्राहकांच्या खात्यांतून सुमारे २०० अब्ज युरो वाहिले. त्यातला मोठा भाग संशयास्पद होता.

युरोपीय संघाने २००७च्या निर्देशात अशी अट घातली की, बँकेतला मोठा हिस्सा घेताना त्या व्यवहाराशी संबंधित मनी लाँडरिंगचा वाजवी संशय असेल तर नियामकाने हरकत घ्यावी. हा विचार अमेरिकी कलमापेक्षा वेगळा आहे. युरोपचा रोख खरेदीच्या व्यवहारावर आणि त्यात येणाऱ्या पैशावर. अमेरिकेचा रोख बँकेच्या मागच्या कामगिरीवर. बीसीसीआयला युरोपची अट अडवू शकली असती. डान्स्केला अमेरिकेची.

भारतात या दोन्हींसारखी अट विलीनीकरणाच्या कायद्यात नाही. बँकिंग नियमन कायद्याच्या ४४अ कलमानुसार खासगी बँकांच्या ऐच्छिक विलीनीकरणाला भागधारकांचे मूल्याने दोन-तृतीयांश बहुमत आणि रिझर्व्ह बँकेची मंजुरी लागते. मनी लाँडरिंगचे बंधन वेगळ्या वाटेने येते: २००२चा प्रतिबंधक कायदा, जो १ जुलै २००५ला लागू झाला, आणि ग्राहक-ओळखीबाबतचे रिझर्व्ह बँकेचे निर्देश. मंजुरी देताना रिझर्व्ह बँक हे सारे पाहू शकते. मात्र पाहिलेच पाहिजे, असे कायद्यात लिहिलेले नाही, आणि गेल्या काही वर्षांत झालेली विलीनीकरणे पाहता ही उणीव भरून काढणे गरजेचे आहे.

कलम ३२७चे सामर्थ्य पूर्णपणे दिसले ते एम अँड टी बँकेच्या प्रकरणात. बफेलोच्या या बँकेने ऑगस्ट २०१२मध्ये न्यू जर्सीची हडसन सिटी ही बँक सुमारे ३.७ अब्ज डॉलरला घेण्याचे जाहीर केले. काही महिन्यांत काम उरकेल अशी अपेक्षा होती. पण एम अँड टीच्या मनी लाँडरिंगविरोधी व्यवस्थेत फेडरल रिझर्व्हला त्रुटी आढळल्या आणि जून २०१३मध्ये त्या दूर करण्याचा लेखी करार झाला. बँकेने सारी यंत्रणा नव्याने उभारली. हडसन सिटीच्या खरेदी-कराराची मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. परवानगी आली ती ३० सप्टेंबर २०१५ला, तीन वर्षांहून अधिक काळाने. दरम्यान, फेब्रुवारी २०१४मध्ये, फेडरल रिझर्व्हने आपली भूमिका परिपत्रकातून स्पष्ट केली होती: आधी दोष दुरुस्त करा, मग विस्ताराचा अर्ज घेऊन या. त्यामुळे अर्ज जाहीरपणे फेटाळला जाणे दुर्मीळच राहिले. नकार येणार असे दिसले की बँका अर्ज मागे घेतात. या पद्धतीत जनतेला कारण कळत नाही, हा तिचा गंभीर दोष आहे.

टीडी बँकेबाबत नेमके हेच घडले. कॅनडाच्या या बँकेने फेब्रुवारी २०२२मध्ये टेनेसीतली फर्स्ट होरायझन ही बँक १३.४ अब्ज डॉलरला घेण्याचा करार केला. ४ मे २०२३ रोजी तो रद्द झाला. परवानगी कधी मिळेल ते सांगता येत नाही आणि त्याचे कारण फर्स्ट होरायझनशी संबंधित नाही, एवढेच सांगण्यात आले. टीडीला २० कोटी डॉलर द्यावे लागले, फर्स्ट होरायझनचा शेअर एका दिवसात कोसळला आणि दोष नसलेल्या बँकेच्या भागधारकांनी नुकसान सोसले. खरे कारण ऑक्टोबर २०२४मध्ये बाहेर आले. टीडीने गुन्हा कबूल केला आणि ३ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम भरली. २०१८पासून सहा वर्षे तिच्या अमेरिकी शाखांतल्या व्यवहारांपैकी आकारमानाने ९२ टक्के व्यवहारांवर स्वयंचलित देखरेखच नव्हती. एका टोळीने भेटकार्डे देऊन कर्मचाऱ्यांना वश केले आणि ४७ कोटी डॉलरहून अधिक पैसा फिरवला. फर्स्ट होरायझनचा व्यवहार मंजूर झाला असता तर हीच यंत्रणा दक्षिणेकडच्या राज्यांतल्या लाखो नव्या खात्यांवर पसरली असती. शिक्षेत अमेरिकेतल्या किरकोळ बँकिंगच्या मालमत्तेवर ४३४ अब्ज डॉलरची मर्यादाही घालण्यात आली. म्हणजे खरेदीवाचून होणारी वाढसुद्धा रोखली गेली.

विलीनीकरणाच्या नियमांबाबतची अमेरिकी धोरणे त्यानंतरही बदलत राहिली. सप्टेंबर २०२४मध्ये दोन नियामकांनी तपासणी कडक करणारी नवी धोरणे आणली आणि २०२५मध्ये ती मागे घेऊन जुनी पद्धत पुन्हा सुरू केली. कलम ३२७ची अट मात्र धोरणातली नसून संसदेने केलेल्या कायद्यातली आहे, त्यामुळे जलद मंजुरीच्या मार्गाने जाणाऱ्या अर्जांनाही ती लागू राहते.